डाव्या समासातली ओळ

माझ्या सुनेची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे. घरी कुणी आलं की पाणी द्यायच्या आधी मी त्याची उलटतपासणी सुरू करते. "आई, पाहुणे आहेत ते, आरोपी नव्हेत," असं ती मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगते. खरं आहे तिचं. पण करणार काय? जन्मभर लोकांच्या ओट्यावर बसून मी प्रश्न विचारले आणि मिळालेल्या उत्तरांवर विश्वास ठेवला नाही. त्यालाच नोकरी म्हणायचं.

मी अन्वेषक होते. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं, काहीतरी पोलिसी काम असेल. तसं काही नाही. मुंबईतल्या एका संस्थेत समाजशास्त्राची माणसं बसायची. खेड्यातलं कुटुंब कसं राहतं, पोरं काय खातात, शाळेत का जात नाहीत, याचा अभ्यास ती करायची. म्हणजे खुर्चीत बसून करायची. उन्हातान्हात दारोदार फिरून फॉर्म भरायचं काम आमचं. मी कर्जतची. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची बोली मला येत होती, चालायची सवय होती, आणि मॅट्रिक पास बाई त्या काळात आमच्या समाजात शोधूनच सापडायची. लगेच घेतलं मला.

आता यात अवघड ते काय, असं तुम्ही म्हणाल. एखाद्या आईला विचारून बघा, मुलं किती? "हाईत दोन-तीन." दोन की तीन? "आता काय सांगू बाई." समोर अंगणात चार खेळत असतात. पोरं मोजून परक्याला सांगितली तर दृष्ट लागते, म्हणून एक तरी कमी करूनच सांगायची पद्धत. वय विचारलं तर "आमचा तांबडा बैल पडला त्या साली झाला," असं उत्तर. मग बैल कधी पडला ते शोधत बसा. एका ठाकूरवाडीत तर एका म्हाताऱ्यानं मला सरळ अट घातली, एक प्रश्न तुझा, एक माझा. माझा बाप काय करतो, माझं लग्न का झालं नाही, मला भाकरी थापता येते का, सगळं त्यानं खोदून खोदून विचारलं. भाकरीच्या बाबतीत मी खोटं बोलले. त्यानं ते ओळखलं आणि वाडीभर हसत सांगितलं.

म्हणून आमच्या फॉर्ममध्ये एकच गोष्ट तीन ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलेली असायची. सुरुवातीला, घरात माणसं किती. मध्येच कुठंतरी, काल संध्याकाळी जेवायला कोण कोण होतं. शेवटी, निजायला कोण कुठं. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत की समजायचं, पाणी मुरतंय. शिवाय पानाच्या डावीकडे रुंद समास सोडलेला असे. पाहणी चालवणाऱ्या आमच्या मॅडम सांगायच्या, "ते बोलतात ते उजवीकडे. तुम्हाला दिसतं ते डावीकडे." दाराबाहेर चपला किती, दोरीवर कपडे कुणाचे, चूल कितीदा पेटली. माझा डावा समास नेहमी गच्च भरलेला. मॅडम तो सगळ्यांना वाचून दाखवायच्या, आणि मी फुगून जायचे. तेवीस वर्षांची होते मी. आपल्याला लोकांच्या पोटातलं कळतं, या भ्रमात राहायला ते वय फार चांगलं असतं.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर आमची पाहणी सुरू झाली. विषय साधा होता, खेड्यातल्या मुलांचा दिवस. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मूल काय काय करतं. निम्मे फॉर्म भरून झाले आणि लढाई पेटली. आम्हाला वाटलं, आता काम बंद. पण मॅडमचे डोळे चमकले. "अशी संधी पुन्हा येणार नाही," त्या म्हणाल्या. एक जादा पान छापून आलं. विमानाचा आवाज आल्यावर मूल काय करतं? लढाईबद्दल मुलाला कोण सांगतं? घरातला पुरुष फौजेत असल्यास मुलाच्या वागण्यात फरक पडला का?

फरक पडला होता, आणि तो दिसायला पान छापायची गरज नव्हती. खोपोलीला वीजघर, म्हणजे बाँब पडणार तो आमच्याच डोक्यावर, अशी सगळ्यांची खात्री. कंदिलाच्या काचांना काळा कागद. शाळेच्या मैदानात पोरांनीच खणलेले चर, आणि तास चालू असताना त्यात जाऊन पडायचा सराव. पूर्वी आया "बागुलबुवा येईल" म्हणायच्या, त्या आता "विमान येईल" म्हणायला लागल्या. पोरांचे खेळ बदलले. लपाछपीत लपणारा आता हेर झाला होता. आणि हेर शोधायचं वेड मोठ्यांनाही लागलं. एका गावात बांगड्या विकणाऱ्या कासारणीची पेटी उघडून बघितली. एका गोसाव्याची जटा ओढून पाहिली, खरी आहे की खोटी. असल्या दिवसांत मी हातात कागद-पेन्सिल घेऊन विचारत फिरत होते, तुमच्या घरात पुरुष किती, ते कुठं असतात, केव्हा येतात. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

शिळफाट्याला एसटीनं उतरून तासभर चाललं की एक गाव लागायचं. नाव सांगत नाही. गावापासून थोडी लांब, ओढ्याच्या अंगाला आमच्या बौद्ध लोकांची वाडी. सात-आठ घरं. त्यातलं अगदी टोकाचं घर एका फौजीचं. त्याची बायको, तिला चंद्राबाई म्हणू, त्याची आई, नऊ वर्षांची मुलगी छबी आणि रांगतं पोर. नावं अर्थातच बदलली आहेत.

मी गेले तेव्हा छबी ओट्यावर बसून भावाला खेळवत होती. मी विचारलं, "घरात कोण आहे गं?"

"बाबा हायत. आत निजलेत."

पोरीनं डोळ्याची पापणी हलवली नाही. दाराशी पुरुषी चपला, त्यांना ओला चिखल. दोरीवर पुरुषाचा सदरा, अजून पाणी गळत होतं. मी समासात टिपून घेतलं.

चंद्राबाई विहिरीवरून आली. मी वाडीतल्याच माणसांसारखी, म्हणून तिनं चटई टाकली, गुळाचा चहा ठेवला. पण मालक कुठं म्हणून विचारल्यावर म्हणाली, "ते फौजेत. लढाई लागल्यापासून पत्र नाय." मी छबीकडे बघितलं. ती भावाचं नाक पुसत होती. मध्ये चार प्रश्न घालून मी पुन्हा विचारलं, काल संध्याकाळी जेवायला कोण कोण होतं? "आमी तिघी आन् हा बारका." आवाज चाचरला. म्हातारी कोपऱ्यातून माझ्या कागदाकडे टक लावून बघत होती.

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आई म्हणते नाही, पोर म्हणते आत निजलेत. पोरं खोटं बोलत नाहीत, हे आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं पहिलं वाक्य. म्हणजे खोटं बोलतेय ती आई.

दिवस कलायला लागला तशी मी निघाले. ओढा ओलांडते न ओलांडते तोच मागून चंद्राबाईची हाक ऐकू आली, चांगली खणखणीत, "अवो, ऐकलं का? पानी काढलंय, उठा आता!" मी जागच्या जागी थबकले. आता शंकाच उरली नव्हती. दगडावर बसून मी डाव्या समासात लिहिलं, 'घरात पुरुष आहे. लपवतात. फौजेतून पळून आला असावा.' आणि खाली लाल रेघ मारली. खोटं कशाला सांगू, ती रेघ मारताना मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी मूळ गावात फॉर्म भरायला गेले. दोन घरं झाली, तिसऱ्या घरी जायच्या आत सात-आठ तरुणांनी मला गराडा घातला. "कुठली तू? कुणी धाडलं? पुरुष कुठं हायत ते कशाला इचारते?" मी संस्थेचं ओळखपत्र दाखवलं. ते इंग्रजीत होतं, त्यानं आणखीच घोटाळा झाला.  झोळीसकट मला पोलीस पाटलांच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

पाटील म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेली, माणूस वाईट नव्हता. "घाबरू नको बाई. कागद दाव, मंजी झालं," म्हणाला. आमचा पहिला नियम असा की भरलेला फॉर्म मेलं तरी कुणाला दाखवायचा नाही. प्रत्येक घरात शिरताना मी स्वतःच्या तोंडानं सांगत असे, तुमचं सांगणं कुणाच्या कानी जाणार नाही. आदल्या दिवशी चंद्राबाईलाही मी तेच सांगितलं होतं. आणि मी झोळी पुढं केली. कुणी हिसकावून घेतली नाही, मी दिली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी "त्यांनी फॉर्म घेतले" अशीच सांगत आले आहे.

पाटलानं एकेक पान उलटलं. लाल रेघेपाशी बोट थांबलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. 

"हे खरं काय?"

अजूनही वेळ गेली नव्हती. नक्की माहीत नाही, माझा अंदाज आहे, एवढं म्हणता आलं असतं. पण सगळ्या नजरा माझ्यावरून सरकून ओढ्याकडे वळलेल्या मला दिसल्या. मी म्हटलं, "मला तरी दाट संशय आहे. मुलगीच बोलली तसं."

जीव भांड्यात पडला माझा. कुणीतरी पाणी आणलं, मग चहा आला. मघाशी "तू" म्हणणारी पोरं "ताई" म्हणायला लागली. "चांगलं केलं ताई, देशाचं काम केलं." मी तो चहा प्यायले. आणखी अर्धा कपही घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून दोन शिपाई आले. मलाही सोबत जावं लागलं, साक्षीला. मागं निम्मं गाव. जे लोक एरवी त्या वाडीकडे पाऊल टाकत नसत, तेही त्या दिवशी आवर्जून आले. शिपायांनी भाताची कणगी ओतली, माळ्यावरचा पेंढा उपसला, म्हातारीला उठवून तिची गोधडी झटकली. माणूस सोडा, माणसाची विडीसुद्धा सापडली नाही. दोरीवर सदरा मात्र आजही ओला होता.

"हा कुणाचा?" शिपायानं विचारलं. "आन् या चपला?"

 चंद्राबाई पाटलाकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही.

"त्येंचाच हाय सदरा. रजेवर आलते तवाचा. रोज भिजवते आन् दोरीवर टाकते. चपला ही पोरगी रोज सकाळी पायात घालून बांधावरनं फिरवून आणती, चिखल लागावा म्हणून. कोनी आलं तर बाबा आत निजलेत म्हणून सांग, असं मीच शिकवलंय तिला. दिवस मावळताना मी हाका मारते घरात कोनी नसताना. काय करू पाटील? टोकाचं घर. आमी तीन बायका. गावात सगळीकडं अंधार. घरात गडी नाय हे कळलं तर कोन काय करंल?"

 मागून कुणीतरी फिसकन हसलं. दोन्ही शिपायांनी एकमेकांकडे बघितलं. पाटलानं चष्मा काढून पुसला आणि "चला रं, चला घरी" म्हणून लोकांना हाकायला लागला. पण आता हाकून काय उपयोग? घरात गडी नाही, हे अख्ख्या गावाला मी स्वतः नेऊन दाखवलं होतं.

चंद्राबाई छबीकडे वळली. "काय सांगितलंस गं तू या बाईला?" आणि फाडकन तिच्या कानाखाली वाजवली.

"तू सांगितलंस त्येच," छबी म्हणाली. ती रडली नाही. एका हातानं गाल धरून तिनं माझ्याकडे बघितलं. खरंच, ती शिकवलेलं अगदी चोख बोलली होती. घराची राखण करायचं काम तिच्यावर सोपवलं होतं आणि ते तिनं माझ्यासारख्या पगारी संशयखोर बाईपुढंही निभावलं होतं. आईच गडबडली होती, कारण मी त्यांच्यातली म्हणून तिला माझ्याशी खोटं बोलवेना.

त्या आठवड्यात त्यांच्या कौलांवर दगड पडले. एकदा दिवसाढवळ्या कुणीतरी मागचं दार हलवून बघितलं. हे मला पाटलानंच नंतर सांगितलं, मान खाली घालून. चंद्राबाईनं घराला कुलूप घातलं आणि सासू-पोरांना घेऊन रसायनीकडे माहेरी निघून गेली. छबीची चौथी बुडाली. संबंध वाडीत शाळेत जाणारी ती एकटीच मुलगी होती.

मी सगळं मॅडमना सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. झोळी कुणी पुढं केली ते तेवढं गाळलं. त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला. अहवाल छापून आला तेव्हा मी घाईघाईनं ते पान काढलं. 'एका कुटुंबाकडून विश्वसनीय माहिती मिळू शकली नाही,' एवढंच होतं. त्याच पानावर मुलांच्या कामांचा तक्ता होता. पाणी आणणं, सरपण आणणं, धाकटं भावंड सांभाळणं. बाप घरात नसताना बाप घरात आहे असं जगाला पटवून देणं, याला त्यात रकाना नव्हता. तेव्हा कितीतरी घरांतून पोरं हे काम करत असतील. आम्हाला विचारायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. शहाणी होती ती.

नोकरी मी सोडली नाही. पुढं पुष्कळ वर्षं केली. नव्या मुलींना शिकवायची वेळ आली तेव्हा मी सांगायचे, डाव्या समासात फक्त दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ लिहू नका. सदरा ओला आहे, एवढं पुरे. का, ते कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत.

लढाईनंतरचा पावसाळा सरल्यावर मी त्या वाडीत एकदा गेले. कामासाठी नाही, आपण होऊन. घर उघडं होतं. ओट्यावर एक उंच, सावळा माणूस विळ्याला धार लावत बसला होता. फौजी रजेवर आला होता. मी नाव सांगितलं. मला वाटलं, हा आता हाकलून देणार. मी तयारीनंच गेले होते. तो उठला, चटई टाकली आणि म्हणाला, "बसा ताई. घरच्यांनी सांगितलंय मला सगळं." त्याच्या आवाजात राग नव्हता, ते फार जड गेलं. चंद्राबाई आतून बाहेर आली नाही.

"तुमचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पोरगी माज्याशी बोलत नाय. मी आलो त्या दिवशी पळून गेली वड्याकडं. म्हणती, मी बाबाचं नाव सांगितलं म्हणून शिपाई आले. किती समजावलं, आयकत नाय. तिला वाटतं, मी तिच्यावर रागावलोय."

मी छबीला बोलावायला सांगितलं. ती आली, पण दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. वर्षभरात हातभर उंच झाली होती. मी उठून तिच्यासमोर गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी ओट्यावर प्रश्न न विचारता बोलत होते.

"छबी, तू काही चुकली नाहीस गं," मी म्हटलं. "तू बरोबर सांगितलं होतंस. मी ते कागदावर लिहिलं आणि तो कागद मीच पाटलांना दिला. मला भीती वाटली म्हणून दिला. शिपाई आले ते माझ्यामुळं. तुझ्यामुळं नाही. हे मी तुझ्या बाबांच्या देखत सांगते."

तिनं माझ्याकडे बघितलं. बापाकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता ही रडेल आणि त्याच्याजवळ जाईल. पण तिची नजर माझ्या हातांकडे गेली, मग खांद्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. सगळं नीट तपासून घेत होती.

"आन् हे आता कुठं लिवणार तुमी?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हटलं. "शपथ."

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा अजिबात विश्वास बसला नव्हता, आणि तिचंच बरोबर होतं. हे बघा, मी लिहिलं.